सही आपली, तर भाव ठरताना खुर्चीही आपली



घरात धंद्यासाठी नवा टेम्पो घ्यायचा ठरला की आपल्याला दोनदा बोलावणे येते. एकदा कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करायला आणि एकदा गाडीवर स्वस्तिक काढायला. मधले सगळे, म्हणजे भाव काय ठरला, व्याज किती, हप्ते किती, हे पुरुष मंडळी शोरूममध्ये उरकून येतात. माझे मत स्पष्ट आहे. सही हवी असेल तर भाव ठरतानाही आम्हाला बसवा.

हे मी मानापमानासाठी म्हणत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. बी.कॉम.ला हे कलम मार्कांसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ संसारात कळतो. मुलाचे हप्ते थकले तर फोन आईलाही येतो आणि तिच्याही सिबिलवर डाग पडतो.

आमच्या साकीनाक्याला खैरानी रोडवर गाळ्यागाळ्यासमोर छोटे हत्ती उभे असतात. टाटांनी ही एस गाडी २००५ साली आणली, पण तिला एस म्हणताना मी फारसे कुणाला ऐकलेले नाही. माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाने पॅकिंगच्या धंद्यासाठी अशीच एक गाडी घ्यायचे ठरवले. जाऊबाईंची सही लागणार होती, म्हणून आम्ही दोघी त्याच्याबरोबर गेलो.

सेल्समनने किंमत सांगण्याआधीच विचारले, "महिन्याला किती हप्ता झेपेल?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. हप्ता सांगितला की मुदत वाढवून कोणतीही किंमत त्यात बसवता येते. आधी गाडीची किंमत ठरवायची, जणू पूर्ण पैसे चेकने देणार आहोत. ती कागदावर आली की मग कर्जाची गोष्ट. दोन्ही एकत्र बोलले की इकडे पाच हजार सोडतात आणि तिकडे व्याजात पन्नास हजार काढतात. कर्ज लावून दिले की शोरूमला कमिशन मिळते, विम्यावरही मिळते. म्हणून विमा बाहेरून घेता येतो हे विसरू नका. हँडलिंगसारख्या नावाखाली लावलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. पावती मागितली की काही रकमा आपोआप गळतात.

आता व्याजाचे. "फक्त आठ टक्के, काकू," असे फायनान्सवाला म्हणाला. मी विचारले, फ्लॅट की रिड्यूसिंग? तो जरा थांबला, मग म्हणाला, फ्लॅट. पाच लाखांचे कर्ज, पाच वर्षे, आठ टक्के फ्लॅट म्हणजे दोन लाख व्याज. हप्ता सुमारे ११,६६७ रुपये. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर लागते. खरा दर काढला तर तो १४ टक्क्यांच्या थोडा वर जातो. तेच पैसे बँकेने साडेदहा टक्के रिड्यूसिंगने दिले तर हप्ता सुमारे १०,७४७ आणि एकूण व्याज १,४५,००० च्या आत. ऐकायला आठ लहान आणि साडेदहा मोठे, पण आठवाला पंचावन्न हजारांनी महाग. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट द्यावेच लागते. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर एकाच आकड्यात लिहिलेला असतो. तेवढे एक पान मागा आणि घरी आणून वाचा. मुदतीआधी कर्ज फेडले तर किती दंड, तेही त्यात बघा.

जीएसटीचेही एक सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी पाच लाखांची गाडी ६,४०,००० वरून ५,९०,००० ला आली. ही सूट सरकारची. शोरूमवाला ती आपली म्हणून सांगू लागला तर हसून विचारा, "आणि तुमची किती?" धंदा जीएसटीत नोंदलेला असेल आणि कंपोझिशनमध्ये नसेल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या त्या ९०,००० चे क्रेडिटही मिळते. मात्र बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह हवे. आपल्याकडे मुलाचे सिबिल बरे नाही म्हणून गाडी आईच्या किंवा बायकोच्या नावावर घेतात. नाव तिचे, कर्ज तिचे, आणि फर्मचे नव्वद हजारांचे क्रेडिट पाण्यात. असा लाडिक मान मला तरी नको.

दशलक्षणात उत्तम शौचाच्या दिवशी एका मैत्रिणीने विचारले होते, घासाघीस करणे म्हणजे लोभच नाही का? मला तसे वाटत नाही. शोरूमवाल्याला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असते. दोष येतो तो खोटे बोलण्यात. "पलीकडच्या शोरूममध्ये वीस हजार कमी सांगितले" असे न जाता सांगू नये. खरेच जावे, लेखी कोटेशन आणावे आणि टेबलावर ठेवावे. खऱ्या कागदाला वजनही जास्त असते.

आणि खोट्या कागदाचा प्रसंग आमच्यावर आलाच. पुतण्याच्या उत्पन्नावर हवे तेवढे कर्ज बसेना. तेव्हा तो फायनान्सवाला जाऊबाईंना म्हणाला, "काकू, तुमचे शिवणकामाचे महिना तीस हजार दाखवू, सगळेच दाखवतात." जाऊबाईंनी उभ्या आयुष्यात नातवंडांच्या झबल्यांपलीकडे शिवण केलेली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार आहेत, त्यात कूटलेखक्रिया आहे. खोटा लेख तयार करणे. दरवर्षी पर्वात आपण तो अध्याय ऐकतो आणि बाहेर येऊन असल्या अर्जावर सही करतो, कारण मुलाचे काम अडायला नको. मी जाऊबाईंचा हात धरला. पुतण्या रागावला, आठ दिवस बोलला नाही. पण खोटे उत्पन्न दाखवून मिळालेले कर्ज खऱ्या उत्पन्नातूनच फेडायचे असते, आणि ते उत्पन्न तर तेवढे नव्हतेच.

त्याच बैठकीत दुसरा सल्ला मिळाला: पाऊण टनाच्या गाडीवर दीड टन टाका, हप्ता सहज सुटतो. अतिभारारोपण हा अहिंसा अणुव्रताचा अतिचार. शास्त्रात तो बैलांसाठी सांगितला आहे, पण ब्रेक न लागलेल्या टेम्पोपुढे माणसेही असतात. जो हप्ता जादा वजनावरच सुटतो, तो आपल्याला न झेपणारा हप्ता.

शेवटी पुतण्या चार महिने थांबला, डाउन पेमेंट वाढवले आणि बँकेकडून कमी कर्ज घेतले. त्या चार महिन्यांत भाड्याचा टेम्पो वापरावा लागला, तो खर्च झालाच. तो मी लपवणार नाही.

खरेदीच्या वेळेबद्दलही थोडे. धनत्रयोदशीला आणि पाडव्याला गर्दी असते, तेव्हा भाव कोण कमी करणार? महिनाअखेर, मार्चअखेर टार्गेटची असते, तेव्हा जा. (मार्चमध्ये घेतलेल्या गाडीवर त्या वर्षी घसारा अर्धाच मिळतो, हे सीएला विचारून ठेवा.) पितृपक्षात शोरूम ओस असते. आपल्या धर्मात श्राद्ध नाही, मग त्या पंधरवड्याची भीती कशाला? जानेवारीत मात्र गाडी कोणत्या वर्षी बनली ते बघून घ्या. पुढे विकताना भाव त्या वर्षावरून ठरतो.

शेवटचा हप्ता भरला की अनेक जणी मोकळ्या झाल्यासारख्या वागतात. आरसी बुकावर कर्ज देणाऱ्याचे नाव तसेच राहिलेले असते. त्याच्याकडून एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ घेऊन आरटीओमध्ये ते नाव उतरवून घ्यावे लागते. मग थोड्या दिवसांनी आपला सिबिल काढून बघा, तिथे कर्ज बंद झालेले दिसते का. जाऊबाईंच्या नावाने मी कॅलेंडरवर तसे लिहून ठेवले आहे.