घंगाळावरचं नाव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण आत्याची परवानगी मिळत नव्हती. शेवटी परवा तिचाच फोन आला. "लिही बाई एकदाचं, पण माझी बाजूही लिही." तर आत्या, तुझी बाजू लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मग रागव.

विषय आहे आमच्या घरातल्या तांब्याच्या घंगाळाचा. ज्यांनी आमचा शनिवार पेठेतला वाडा पाहिलाय त्यांना ते आठवत असेल. दोन बाजूंना जाडजूड कड्या, बुडाशी एक पोचा, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासलं की आरशासारखं लखलखणारं. माझ्या बाळपणीच्या अंघोळी त्यात झाल्या, माझ्या मुलाच्याही झाल्या. पण ते आमचं नव्हतं. आजी दरवर्षी ते घासताना न चुकता सांगायची, "हे आपलं नाही हो. सांभाळायला आहे."

ते आमच्याकडे आलं पानशेतच्या पुरात. १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं. ते फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरण गेलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. आमच्या वाड्यात तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर आजोबा अंगणातला चिखल उपसत होते, तेव्हा जिन्याखाली पाचरीसारखं अडकून बसलेलं हे घंगाळ निघालं. आमचा स्वतःचा बंब आणि दोन मोठी पातेली मात्र गेली ती गेलीच.

त्या दिवसांत म्हणे गल्लोगल्ली भांड्यांचे ढीग पडलेले होते आणि लोक नावं वाचून आपापली भांडी उचलत होते. आजकालच्या मुलांना सांगायला हवं, म्हणून सांगते. पूर्वी भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. वाड्यात कुणाकडे कार्य असलं की सगळ्या बिऱ्हाडांतून पराती, पातेली गोळा व्हायची, आणि परत देताना घोळ होऊ नये म्हणून नाव. कारागीर छोट्या छिन्नीने टकटक करत ठिपक्या ठिपक्यांनी अक्षरं काढायचा. नाव, कुणी दिलं, कशासाठी दिलं आणि साल. म्हणजे प्रत्येक भांडं हा एक छोटासा शिलालेखच!

आमच्या घंगाळावर होतं: चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून, लग्नप्रीत्यर्थ, शके १८५२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे लग्न १९३० सालचं. 'अमुक'च्या जागी एक अगदी वेगळंच नाव होतं. ते इथे देत नाही, का ते पुढे कळेल. एक गंमत मात्र सांगते. 'लग्नप्रीत्यर्थ' मधला रफार कारागिराने एक अक्षर अलीकडे देऊन ठेवला होता, त्यामुळे ते 'लग्नप्रीर्त्यथ' झालं होतं. लहानपणी मी आणि दादा तो शब्द मोठ्याने म्हणून खिदळायचो.

आजीने तेव्हा आमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांत विचारलं. कुणी ओळखलं नाही. मग "येईल कुणीतरी विचारत" म्हणून ते माळ्यावर गेलं. कुणी आलं नाही. दोन-चार वर्षांनी ते खाली आलं आणि वापरात पडलं. आजी १९९६ मध्ये गेली. २०२२ मध्ये वाडा विकसनाला गेला, सामानाची वाटणी झाली आणि घंगाळ माझ्या वाट्याला आलं. आमच्या सोसायटीत एका मैत्रिणीने असंच घंगाळ हॉलमध्ये ठेवून त्यात पाणी आणि फुलं सोडली आहेत. मीही तेच करणार होते, खोटं कशाला बोलू? पण कोपरा पुसून ते मांडलं, नाव समोर आलं, आणि आजीचं वाक्य आठवलं. सांभाळायला आहे. कुणासाठी? आणि कधीपर्यंत?

शोधायला लागले तेव्हा वाटलं होतं, पुण्यातलं नाव, पुण्यातलाच पूर, सापडेल महिनाभरात. कसचं काय! आधी नदीच्या उलट्या दिशेने विचार केला. मुठा वरून येते ती लकडी पूल, नारायण पेठ, मग शनिवार, तेव्हा भांडं वरच्या अंगाकडून आलं असणार. आमच्या जुन्या शेजारच्या काकांनी त्यातली हवाच काढून टाकली. म्हणाले, "अगं, पाणी गल्लीबोळांतून शिरलं, फुगलं आणि गरागरा फिरलं. भांडी कुठली कुठे गेली." शिवाय पुरानंतर किती कुटुंबं पेठा सोडून गोखलेनगर, लोकमान्यनगरला गेली. आता विचारायचं तरी कुणाला?

मग कुलवृत्तांत. आपल्याकडे कितीतरी घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापलेले आहेत. ग्रंथालयात बसून चाळले आणि तिथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख उजेड पडला. कुलवृत्तांत उघडायचा तर आडनाव पाहिजे. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत शोधायचं तरी गाव आणि आडनाव पाहिजे. माझ्याकडे होतं एका मुलीचं फक्त माहेरचं नाव, आणि तेही जे लग्नाच्या त्याच दिवशी तांदळात नवं नाव लिहून पुसलं गेलं! मामांनी तिच्या नावाने घंगाळ दिलं आणि त्याच मांडवात ते नाव संपलं. सासरच्या कुठल्याही कागदावर, रेशनकार्डावर, मतदारयादीत ही बाई त्या नावाने असणारच नव्हती. आपली सगळी शोधायची साधनं पुरुषांच्या ओळीने चालतात. बायकांची ओळ भांड्यांवर आहे, आणि ती भांडी आपण मोडीत घालतो.

शेवटी शोध लागला तो बायकांच्याच वाटेने. माझी काकू कोथरूडच्या एका भजनी मंडळात जाते. तिने चहाच्या वेळी सहज ही कथा सांगितली, ते वेगळं नाव सांगितलं, आणि एक बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या सासूबाईंच्या मोठ्या बहिणीचं माहेरचं नाव हेच. सासूबाई तिला शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारायच्या. दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली होती."

नाव जुळलं तरी पुरावा हवाच ना. तर पुरावा त्यांच्या बाल्कनीत होता. मामांनी दोघी भाच्यांना एकसारखी घंगाळं दिली होती, आणि धाकटीच्या घंगाळात आता बुडाला भोकं पाडून पाम लावलेला होता. आम्ही कुंडी वळवली, चिंचेच्या कोळाने बाजू घासली. हिरवट थराखालून ठिपके उमटायला लागले. नाव दुसरं, बाकी सगळं तेच. आणि शेवटी, 'लग्नप्रीर्त्यथ'! तोच रफार, त्याच चुकीच्या जागी. मी आणि काकू बाल्कनीत बसून वेड्यासारख्या हसलो.

आता आत्याची बाजू. आत्या म्हणाली, "सापडलं ना कुणाचं ते? झालं तर. साठ वर्षं आपण घासलं, पुसलं, जपलं. तुझ्या आजीने ते मोडीत घातलं नाही, हेच पुष्कळ. आपला बंब गेला तो कुणी आणून दिला का? फिटंफाट झाली. कशाला जुनी मढी उकरतेस?" हे बोलणं वाईट माणसाचं नाही. पुरात प्रत्येक घराने काही गमावलं होतं आणि प्रत्येक घरात दुसऱ्याचं काहीतरी आलं होतं. तेव्हा सगळ्यांनीच मनातल्या मनात हा हिशोब मांडला असणार. आजीनेही मांडला असेल. मलाही तो पटत होता. तो मोडला मुलीच्या घरी गेल्यावर.

मुलगी म्हणजे घंगाळाच्या मालकिणीची लेक. वय ८३, राहणार सिंहगड रस्ता. आम्ही रिक्षात मांडीवर घंगाळ घेऊन गेलो. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तसं काही झालं नाही. आजींनी चष्मा लावला, नाव वाचलं आणि विचारलं, "कुठे सापडलं?" मी म्हटलं, "आमच्या वाड्यात, जिन्याखाली, चिखलात." "पुराच्या वेळीच ना? नक्की?" मी म्हटलं, "हो, आजोबांनी स्वतः काढलं." त्यांनी सुनेला हाक मारली आणि मला तिच्यासमोर हे सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून जरा वर, माडीवर. पाणी तळमजल्यापर्यंतच आलं, त्यामुळे माडीवरचं सगळं शाबूत राहिलं. गेलं ते फक्त घंगाळ. आईने त्या सकाळी ते घासायला खाली अंगणात नळाशी नेलं होतं. तेवढ्यात आरडाओरडा झाला आणि ती मुलांना गोळा करून वर पळाली. घंगाळ खाली नेताना कुणी पाहिलं नव्हतं. "आई म्हणायची, पुरात गेलं. आजी म्हणायची, पुराच्या आधीच गेलं." म्हणजे सुनेने भावाच्या अडचणीला ते गुपचूप माहेरी पोचवलं आणि पुरावर ढकललं, असं सासूचं म्हणणं. सासू होती तोवर ते अधूनमधून निघायचं. पाहुण्यांसमोरही. आई १९८८ मध्ये गेली.

मी मनात हिशोब केला. १९६१ ते १९८८. सत्तावीस वर्षं. आणि ते घंगाळ त्या काळात चालत दहा मिनिटांवर, आमच्या मोरीत होतं.

दुसरी गोष्ट मला रात्री सुचली आणि मग झोप लागली नाही. ते घंगाळ होतं तिचंच! मामाने तिला दिलेलं, तिच्या नावाचं, म्हणजे स्त्रीधन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी झाली, पण स्त्रीधन तर त्याआधीपासून तिचंच. तिने ते खरंच भावाला दिलं असतं तरी कुणाला विचारायचा हक्क होता? स्वतःच्या वस्तूबद्दल ती जन्मभर जाब देत राहिली.

माझा एक मामेभाऊ वकील आहे. त्याने सांगितलं, १८७२ च्या करार कायद्यातच आहे, सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याने ती दुसऱ्याची ठेव समजून जपायची. आजीचं 'सांभाळायला आहे' ते कायद्यातलंच! पण तो पुढे असंही म्हणाला, की ती वस्तू वापरायला काढण्याआधी मालकाला शोधायचा वाजवी प्रयत्न करायचा असतो. आजीने पहिलं केलं, आणि ते मनापासून केलं. दुसरं दोन वाड्यांवर थांबलं. तेव्हा चिखल होता, रोगराईची भीती होती, घरात लहान पोरं होती, म्हणून मी तिला दोष देत नाही. पण नंतरची पस्तीस वर्षं? पेपरात चार ओळींची जाहिरात? देवळात एक चिठ्ठी? आणि तिच्यानंतर बाबा, आणि मी? आम्ही तर अक्षरांना हसत होतो.

म्हणून आत्या, फिटंफाट होत नाही. तांब्याची तांब्याशी झाली असेल, वजनावर. पण आपला बंब गेला तेव्हा आपल्या आजीवर कुणी चोरीचा आळ घेतला नव्हता. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असते तेव्हा तिच्या नसण्याने त्या घरात काय चाललं आहे, हे आपल्याला कधीच दिसत नाही. ते दिसत नाही म्हणूनच शोधायचं असतं. नुसतं जपणं सोपं आहे. त्यात चांगुलपणाही मिळतो आणि भांडंही.

परत करणं काही सोहळ्यासारखं झालं नाही, हेही सांगायला हवं. त्या आजींच्या भावाच्या मुलांना हे आवडलेलं नाही. "आमच्या पणजीला आता कशाला वाईट ठरवता?" असा त्यांचा फोन आला होता. त्यांचंही बरोबर असेल. म्हणून कुठलंच नाव इथे लिहिलेलं नाही.

निघताना आजींनी विचारलं, "तुम्ही वापरलंत का?" मी ओशाळून म्हटलं, "हो, आम्हा सगळ्यांच्या अंघोळी झाल्यात त्यात." त्या म्हणाल्या, "बरं केलंत. पडून राहण्यापेक्षा बरं." २०२३ च्या दिवाळीत त्यांच्या पणतवाचं पहिलं अभ्यंगस्नान त्यात झालं. फोटो आला होता. बाळ भोकाड पसरून रडत होतं, आणि घंगाळ असं वळवून ठेवलं होतं की नाव बरोबर कॅमेऱ्यासमोर यावं.

असो. आता तुमच्यासाठी काम. या रविवारी माळ्यावर चढा आणि भांड्यांवरची नावं वाचा. आपली नसलेली एक-दोन तरी निघतील. कार्यातून अदलाबदल होऊन आलेली, गहाण राहिलेली, पुरातली, वाटणीतली. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला ते नाव विचारा, आणि ती आहे तोवरच विचारा.

मी माझा माळा पाहिला. एका तांब्यावर कुणा ग. ना. यांचं नाव आहे, मुक्काम वाई. नवरा म्हणतो, "आता हे कोण?" वाईकडच्या कुणाला काही अंदाज असेल तर जरूर कळवा.