पादचाऱ्यांचा पोळा

मराठी प्रवासलेखनात गेल्या काही वर्षांत एक वाक्य इतक्या वेळा येऊन गेले आहे, की ते खिळे जुळवून कायमचे तयार ठेवले असावे असा संशय यावा. ‘हे शहर पायी फिरण्याचे आहे.’ ह्या वाक्यामागोमाग दगडी फरसबंदी येते, पावाच्या भट्टीचा दरवळ येतो, चौकात वाद्य वाजवणारा कुणी म्हातारा येतो आणि शेवटी ठरलेला उसासा येतो : आपल्याकडे हे कधी होणार? आम्ही स्वतः अशी वाक्ये लिहिली आहेत, हे आरंभीच कबूल केलेले बरे. व्हेनिसच्या गल्ल्यांत रस्ता चुकण्यातला आनंद आम्हीही वर्णिला आहे आणि तो आनंद खोटा नव्हता. खोटे होते ते त्या वाक्याचे क्रियापद.

शहर पायी फिरण्याचे ‘आहे’. जणू ते तसेच उगवले. हवा थंड, माणसे शिस्तीची, म्हणून रस्तेही सुखाचे. ह्या ‘आहे’मध्ये कर्ता लुप्त होतो. कुणी ठरवले, कुणी विरोध केला, कुणाची गाडी अडली, ह्यांपैकी काहीच वाचकापर्यंत पोहोचत नाही. आमचे म्हणणे असे, की ही केवळ शैलीची उणीव नाही. असे लेखन वाचकाला निष्क्रिय करते. जे निसर्गदत्त आहे त्याचा हेवा करता येतो, मागणी करता येत नाही.

ज्या कोपनहेगनचे गोडवे सर्वाधिक गायले जातात, त्याचेच उदाहरण घेऊ. नगरभवनासमोरच्या चौकापासून निघून सुमारे एक किलोमीटर जाणारा स्ट्रॉयेट हा रस्ता 1962 साली वाहनांना बंद करण्यात आला, तोही प्रयोग म्हणून. त्यावेळी तो मोटारींनी गच्च भरलेला होता. व्यापाऱ्यांना धंदा बुडण्याची धास्ती होती. वर्तमानपत्रांतून आक्षेप असा, की आपण डॅनिश माणसे, इटालियन नव्हे; आपल्या थंडीपावसात रस्त्यावर रेंगाळणार कोण? म्हणजे ज्या संस्कृतीचा दाखला देऊन आपण आज आपली असमर्थता सिद्ध करतो, त्याच संस्कृतीचा दाखला देऊन तिथल्या लोकांनी आपली असमर्थता सिद्ध केली होती. रस्ता बंद झाला, माणसे आली, 1964 साली तो निर्णय कायम झाला. यान गेल ह्या वास्तुविशारदाने पुढे वर्षानुवर्षे तिथे उभे राहून माणसे मोजली : किती चालतात, किती बसतात, कुठे थांबतात. संस्कृती रस्त्यानंतर आली. आधी आला तो निर्णय.

नेदरलँड्सची कहाणी तर अधिक कठोर आहे. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने जे नाव घेतले ते सौजन्याचे नव्हते : ‘बालहत्या थांबवा’. आईबाप रस्त्यात उतरले, वाहतूक अडवली. 1975 साली ॲमस्टरडॅमच्या न्यूमार्क्ट भागात भुयारी रेल्वेसाठी घरे पाडण्यावरून पोलीस आणि नागरिक समोरासमोर आले. रेल्वे झाली, पण जुन्या वस्तीच्या छाताडावरून जाणारा नियोजित महामार्ग रद्द करावा लागला. आज ज्या कालव्याकाठी उभे राहून आमचे लेखक छायाचित्र काढतात, त्या परिसराची शांतता अशी भांडून मिळवलेली आहे. छायाचित्रात भांडण दिसत नाही, हे मान्य. लेखात दिसायला काय हरकत होती?

स्पेनच्या वायव्येला पोन्तेवेद्रा नावाचे सुमारे ऐंशी हजार वस्तीचे गाव आहे. 1999 साली मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस तिथे महापौर झाले आणि जुन्या गावातून मोटारी हटवण्याचे काम त्यांनी लगेच हाती घेतले. पुढे तिथे एक नकाशा निघाला : भुयारी रेल्वेच्या नकाशासारखा, पण त्यावर दाखवलेले आहे ते अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी पायी जायला किती मिनिटे लागतात हे. त्या गावात भुयारी रेल्वे नाही, पाय आहेत. हा मनुष्य त्यानंतर पुन्हा पुन्हा निवडून आला, हे आमच्या नगरसेवकांनी विशेष लक्षात घ्यावे.

आता व्हेनिस. हे शहर मात्र खरोखरच पायांसाठी घडलेले. 1846 साली रेल्वेचा आणि 1933 साली मोटारींचा पूल खाडीवरून आला, पण चाके शहराच्या उंबरठ्यावरच थांबली. जगातले सर्वांत निर्दोष पादचारी नगर म्हणावे तर हेच. त्या बेटावर 1951 साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत. 2022 साली तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. 2024 पासून ठराविक दिवशी एका दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. शहराला तिकीट लागणे ह्याचा अर्थ काय, तो आमच्या हौशी भटक्यांनी शांतपणे पाहावा. चालणारे वाढले आणि राहणारे गेले. ह्याला एकटे पर्यटनच कारणीभूत आहे असे आम्ही म्हणत नाही. जागेच्या किमती, पाणी चढण्याचे भय आणि मुख्य भूमीवरच्या नोकऱ्या हीही कारणे आहेतच. परंतु ‘गल्लीत हरवण्यातला आनंद’ विकत घेणाऱ्यांत आम्हीही होतो आणि ज्या खोलीत आम्ही चार रात्री काढल्या तिथे पूर्वी एखादे कुटुंब राहत असेल, हा विचार त्या वेळी आमच्या मनाला शिवला नाही. चालणे निष्पाप असते, हा समज तिथे पहिल्यांदा ढासळायला हवा होता.

ह्या सगळ्यावर एक उत्तर ठरलेले आहे : तिकडचे तिकडे, आपल्याकडे लोकसंख्या, ऊन, पाऊस आणि बेशिस्त. हा युक्तिवाद आम्हाला विनोदी वाटतो, कारण आपली शहरे चालतच आहेत. मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास 2008 साली पूर्ण झाला, त्यात दैनंदिन प्रवासांपैकी निम्म्याच्या आसपास प्रवास पायीच होत असल्याचे दिसले होते. पॅरिसला जाऊन चालण्याची थोरवी शोधणाऱ्यांच्या घरी भांडी घासायला येणारी बाई चालतच येते. तिला कुणी ‘भटकंतीची आवड’ आहे असे म्हणत नाही. म्हणजे प्रश्न चालण्याच्या संस्कृतीचा नाहीच. चालणाऱ्याच्या किमतीचा आहे. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार 2022 साली देशातील रस्त्यांवर बत्तीस हजारांहून अधिक पादचारी मेले. ‘बालहत्या थांबवा’सारखे नाव धारण करण्याची वेळ कुणावर आली असेल, तर ती आपल्यावर.

आणि आपले उत्तर काय? 2008 साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग त्यांची रांग लागली. कल्पना सरळ होती : पायी जाणाऱ्याला उचलून वर ठेवा, म्हणजे खालचा रस्ता गाड्यांना मोकळा. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीने जिने चढावेत आणि वातानुकूलित गाडीने सपाटीवरून जावे, ह्या व्यवस्थेला आपण ‘पादचाऱ्यांची सोय’ म्हटले. 2009 साली वांद्रे–वरळी सागरी सेतू खुला झाला. समुद्रावरून जाणाऱ्या त्या वाटेवर पादचाऱ्याला मज्जाव आहे. पुण्यात 2021 पासून डिसेंबरात लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. उपक्रम स्तुत्य आहे, त्याच्या संयोजकांच्या हेतूबद्दल आमच्या मनात आदर आहे. तथापि वर्षभर जोखडाखाली राबणाऱ्या बैलाला एक दिवस झूल घालून, शिंगे रंगवून, पुरणपोळी खाऊ घालण्याची रीत आपल्याला नवी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जोखड असतेच.

इथे एक धोका सांगितला पाहिजे, कारण आमच्याच वर्गातून तो उद्भवतो. ‘चालण्याजोगे शहर हवे’ ही मागणी सुशिक्षित तोंडून निघाली, की तिचा पहिला फटका फुटपाथवरच्या भाजीवालीला बसतो. गाडी फुटपाथवर चढवून लावणाऱ्याला आपण शेजारी समजतो आणि चार फूट जागेत कोथिंबीर विकणाऱ्या बाईला अतिक्रमण. 1985 साली मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. हा ताण खरा आहे, तो एका बाजूच्या टाळ्यांनी मिटत नाही. परंतु ज्या रस्त्यावर विकणारे, बसणारे, बघणारे कुणी नाही, तो रात्री आठनंतर कुठलीही मुलगी चालेल असा रस्ता नसतो. हे जेन जेकब्स ह्यांनी 1961 सालीच न्यूयॉर्कच्या संदर्भात दाखवून दिले होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या रस्त्यावरील वावराचा अभ्यास 2011 साली पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा मागणी सुरक्षिततेची नव्हती. निष्कारण रेंगाळण्याच्या हक्काची होती. बॉदलेरपासून वाल्टर बेंजामिनपर्यंत ज्या शहरी भटक्याचे कौतुक आपले समीक्षक करतात, त्याचे निष्कारण असणे गृहीत धरले जाते. बाईला मात्र पर्स, फोन आणि घाई ह्यांचा पुरावा जवळ बाळगून चालावे लागते.

शिवाय ह्या देशात रस्त्यावर पाऊल ठेवणे हेच कधी काळी बंड होते, हे विसरून चालण्याचे तत्त्वज्ञान लिहिता येत नाही. 1924 साली वैकोमला जो सत्याग्रह झाला, तो मंदिरात शिरण्यासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी होता. दीड वर्षाहून अधिक काळानंतर चारपैकी तीन रस्ते खुले झाले. आणि 2020 च्या मे महिन्यात जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर विसावले असता मालगाडीखाली सोळा जण गेले. त्या उन्हाळ्यात ह्या महाराष्ट्राने चालण्याचा जो अर्थ पाहिला, त्यानंतरही ‘मंद पावलांनी शहर वाचत जाण्याच्या’ गोष्टी जशाच्या तशा लिहिता याव्यात, ह्याचे आम्हाला आश्चर्य वाटते; आणि स्वतःच्या जुन्या लेखांची लाज.

मराठीला चालण्याचे लेखन नवे नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून एका यज्ञातील दक्षिणेच्या आशेने निघाले, सत्तावनच्या धुमश्चक्रीत सापडले आणि बहुतांशी पायीच फिरून परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. त्या पुस्तकात वाट रम्य असते तशी महागही असते. कर्ज असते, भूक असते, भय असते. हा ब्राह्मण हौसेने चालत नव्हता, म्हणून त्याला माणसे दिसली. आमची तक्रार आजच्या प्रवासलेखकाच्या विमानाबद्दल नाही. तो विमानातून उतरून चालतो तेव्हाही त्याला दुकानाची पाटी दिसते, रस्ता झाडणारा दिसत नाही, एवढीच आहे.

तेव्हा जगातली शहरे पायी जरूर पाहावीत. आम्हीही पाहणार आहोत. मात्र परत येऊन लिहिताना त्या शहराच्या नगरसभेत मत कुणी कुणाविरुद्ध दिले, घरभाडे किती, पहाटे कामावर येणारा माणूस कुठून किती वेळ चालत येतो, एवढे विचारून यावे. आणि परतल्यावर आपल्या घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता एकदा, गाडी न काढता, वृद्ध आईचा हात धरून चालून पाहावा. कुठे तिला खाली उतरावे लागले, कुठे थांबावे लागले, कुठे ती घाबरली, हे लिहून काढावे आणि ते पालिकेच्या प्रभाग कार्यालयात नेऊन द्यावे. ते प्रवासवर्णन छापले जाणार नाही कदाचित. पण मराठीत आज त्याचीच वाण आहे. झुली आपल्याकडे पुष्कळ झाल्या.