धमकी आली, बंदूक घ्यायची का?

मोबाईलवर धमकी आली की आपली पोरं म्हणतात, ‘बंदुकीचा परवाना काढू.’ अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, नियम ३ मध्ये, अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास आपल्या लोकांना शस्त्रपरवाना देण्याची तरतूद आहे. पण त्याच्या आधी तिथेच इतरांचे परवाने रद्द करा, बेकायदा शस्त्रे जप्त करा, असे लिहिले आहे. धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिली मागणी हीच व्हावी. एका खोलीत, लेकराबाळांत बंदूक ठेवणार कुठे?

धमकी पुसू नका. नंबर, तारखेसह जपून ठेवा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ लागते; जातीवरून असेल तर अॅट्रॉसिटीही. ठाण्याने फिर्याद टाळली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. हेल्पलाईन १४५६६. ठाण्यात एकट्याने जाऊ नका, वस्तीतली चार माणसे सोबत न्या. जयभीम!