पोटातले जंतू आणि पोटावरची चरबी

"डॉक्टर, खाणं मोजकंच आहे हो. पोटातले जंतूच वाईट, म्हणून वजन उतरत नाही," असं म्हणत एक ताई प्रोबायोटिकच्या कॅप्सूलची महागडी बाटली घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. बाटली मात्र मला पटली नाही.

अमेरिकेत सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २००४ साली जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जीवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन! जे आपल्याला पचत नाही त्यातूनही जीवाणू ऊर्जा काढतात, आणि चरबी साठवण्यावरचा शरीराचा लगामही सैल करतात.

२०१३ साली याच गटाने जुळ्या बहिणींपैकी लठ्ठ बहिणीचे जीवाणू उंदरांना दिले, तर ते उंदीर जास्त चरबीचे झाले. त्यांच्या पिंजऱ्यात सडपातळ बहिणीचे जीवाणू दिलेले उंदीर सोडले, तेव्हा ही वाढ टळली. (उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यातून जीवाणू पसरतात.) पण चरबीयुक्त, भाजी-फळं कमी असलेल्या खाण्यावर चांगले जीवाणू रुजलेच नाहीत. हा भाग बातम्यांत सहसा येत नाही. माझ्या मते महत्त्वाचा तोच आहे.

माणसांचं काय? ॲमस्टरडॅममध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या पुरुषांना सडपातळ लोकांचे जीवाणू दिले. सहा आठवड्यांनी इन्सुलिनचं काम सुधारलं, वजन मात्र तेवढंच राहिलं. म्हणून "वजन उतरवणारी" कॅप्सूल विकणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

जीवाणूंचं अन्न म्हणजे तंतू, म्हणजेच फायबर. ते आंबवून जीवाणू जी आम्लं बनवतात, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसतं. तंतू मिळाले नाहीत की काही जीवाणू अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागतात. अस्तर कमकुवत झालं की जीवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात, चरबीच्या पेशींभोवती सूज येते आणि इन्सुलिनचं काम बिघडतं. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे.

ताईंच्या "मोजक्या" खाण्यात होतं काय? चहा-बिस्किटं, पांढरा भात, बटाट्याची भाजी. मी ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी आणि रोज एक पालेभाजी सांगितली. हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस होतील. मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

"मग ही बाटली?" त्यांनी विचारलं. आणलीच आहे तर संपवा म्हटलं, दुसरी आणू नका. पुढच्या भेटीत वजनासोबत कंबरेचं माप आणि उपाशीपोटीची साखर बघणार आहे.