कल्पनेची किंमत

रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली बाजारात आला. राक्षस, मांत्रिक आणि मंत्रतंत्र यांनी भरलेल्या या खेळात प्रत्येक जण हजारो पत्त्यांतून आपल्या पसंतीचा जोड जमवून प्रतिपक्ष्याशी झुंजतो. छापील पत्त्यांवर तृप्त न होता स्वतःच नवे पत्ते रचण्याचा छंदही त्याच्या चाहत्यांत पुष्कळ फैलावला आहे. छंद उत्तम आहे. परंतु त्याच्या समर्थनार्थ जे तत्त्वज्ञान सांगण्यात येते ते आम्हांस साफ चुकीचे वाटते. ‘घरगुती पत्ता काही छापला जावयाचा नाही, तेव्हा येथे तरी कल्पनेला हिशेबाच्या दावणीला बांधू नका,’ असे हे तत्त्वज्ञान आहे. आमच्या मते हिशेब हाच या कलेचा प्राण होय.

हिशेब कसला, हे प्रथम पाहू. बहुतेक पत्त्यांच्या कोपऱ्यात त्यांची किंमत दिलेली असते. ती ‘मॅना’ नामक मंत्रबलाने फेडावयाची असते. मॅना मुख्यतः भूमीच्या पत्त्यांपासून मिळतो, आणि सामान्यतः एका पाळीस एकच भूमी मांडता येते. म्हणजे मोठी किंमत देणे याचा अर्थ थांबणे, आणि थांबेपर्यंत प्रतिपक्ष्याचे वार सोसणे. किंमत ठरविताना रचनाकार खरोखर काळाचेच माप ठरवीत असतो.

हे माप किती निसरडे आहे याचा दाखला गारफील्डच्या पहिल्याच संचात सापडतो. त्यात पाच पत्ते असे होते की प्रत्येकाची किंमत एक मॅना आणि प्रत्येकाचे फळ तीन. ‘लाइटनिंग बोल्ट’ने तीन आघात करावे, ‘हीलिंग सॅल्व्ह’ने तीन प्राणांक द्यावे, ‘अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल’ने तीन पत्ते ओढू द्यावे. कागदावर समता निर्दोष होती. प्रत्यक्षात हीलिंग सॅल्व्ह दुबळा ठरला, तर अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल इतका प्रबळ की, अतिप्राचीन पत्त्यांनाही मुभा देणाऱ्या ‘व्हिंटेज’ प्रकारात आजही त्याची एकच प्रत बाळगता येते. पुढे २००४ साली ‘स्कलक्लँप’ निघाला. हे साधन बांधलेल्या जीवाचे बळ एकाने वाढे आणि सहनशक्ती एकाने घटे. तो मेला की मालकास दोन पत्ते मिळत. सहनशक्तीची घट हे दिसावयास वैगुण्य होते. खेळणाऱ्यांनी मात्र एकाच सहनशक्तीचे क्षुद्र जीव त्याला बांधून जाणूनबुजून मारले आणि दर वेळी दोन पत्ते पदरात पाडून घेतले. त्याच वर्षी ‘स्टँडर्ड’ प्रकारातून त्यास बहिष्कृत करावे लागले.

कोणी म्हणेल, ही व्यावसायिकांची विवंचना. हौशी तरुणास तिच्याशी काय कर्तव्य? त्यास आमचे उत्तर असे की, पत्ता ही कविता नव्हे. समोर बसलेल्या दुसऱ्या माणसाशी केलेला तो करार आहे. एका मॅनात सर्वांचा संहार करणारा महाराक्षस ज्याने कल्पिला, त्याने त्या दुसऱ्या माणसाचा विचारच केलेला नाही. आमच्या पुराणकारांना हे मर्म उमगले होते. हिरण्यकशिपूच्या वरात अटी नसत्या तर नरसिंहाला खांबातून बाहेर पडण्याचे कारणच उरले नसते, आणि कथाही उरली नसती. अटींच्या फटीतच तेथे प्रतिभा प्रकटली आहे.

हौशी मंडळींच्या हातून हे होत नाही असेही नाही. ‘वेस्ट नॉट’ हा २०१४ साली छापलेला पत्ता चाहत्यांच्या मतदानातून पायरीपायरीने घडला. प्रतिपक्ष्याने पत्ता टाकला तरच तो फळ देतो, एरवी निमूट पडून राहतो. त्याची किंमत अवघी दोन मॅना आहे. पण त्या अटीमुळे तो धारकाला सबंध जोड विचारपूर्वक बांधावयास लावतो.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. घरातील मुलाने स्वतः रचलेला पत्ता पुढे धरला तर चित्र पाहून ‘वा!’ म्हणू नये, आणि पोरखेळ म्हणून झिडकारूही नये. याची किंमत काय, आणि समोरच्याने यावर काय करावे, एवढे दोनच प्रश्न त्यास विचारावे. उत्तर शोधताना दुसऱ्याच्या जागी बसून आपली कृती तपासण्याची सवय त्यास लागेल. निरंकुश कल्पनेच्या पुरस्कर्त्यांपाशी या तोलाचे देण्यासारखे काय आहे, ते त्यांनी दाखवावे.