सोयरिकीआधी रक्ताचा हिशेब

सोयरिक जुळवताना आपण शिक्षण विचारतो, नोकरी विचारतो, घरदार विचारतो. सिकलसेलचे कुणी विचारत नाही. आणि मुलगी ‘वाहक’ आहे असे कळले, की मुलाचे रक्त न तपासताच बोलणी मोडतात. आमच्या मते दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंच आणि बुटक्या जातींच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी रोपे उंच निघाली. बुटकेपणा आत दडून राहिला. पण सगळेच गुण असे दडत नाहीत. कधी आईकडचा आणि बापाकडचा, दोन्ही गुण उघडपणे आपापले काम करतात. याला सहप्रभाविता म्हणतात.

सिकलसेल वाहकाच्या रक्तात हेच घडते. एक जनुक नेहमीचे हिमोग्लोबिन ‘ए’ बनवतो, दुसरा सिकलचे ‘एस’. १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी विजेच्या साहाय्याने ही दोन्ही वेगळी करून दाखवली. दोन्ही रक्तात हजर असतात, म्हणूनच तपासणीत वाहक ओळखता येतो.

वाहक, म्हणजे ‘ए-एस’, सहसा आजारी नसतो. दोन्हीकडून ‘एस’ आले तर मात्र मूल आजारी होते. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे ठणकतात, रक्त कमी होते.

विदर्भात आदिवासींत आणि आपल्या समाजातही हा आजार आढळतो. ही करणी नव्हे, जातीचा दोष तर नव्हेच. मलेरियाच्या मुलखात वाहक माणसे जास्त तगली, म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आता हिशेब पाहू. एक वाहक आणि दुसऱ्याचे रक्त पूर्ण निर्दोष, तर मुलांना हा आजार होत नाही. मग सोयरिक का मोडायची? दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. दर वेळी हिशेब नव्याने.

साधी सोल्युबिलिटी चाचणी ‘एस’ आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस सांगते. जुलै २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

तपासणी साखरपुड्याआधी करा, आणि मुलगा-मुलगी दोघांचीही करा. ‘एस’ आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. मग एकट्या मुलीलाच जबाब का विचारायचा?