पहिल्या तीन रांगा

टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघात खेळायचे असेल तर वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावे लागे. परवानगीवाचून एकही तास बुडवायचा नाही. बुडवला तर सामन्याला बाकावर बसायचे, मग ती संघातली कितीही मोठी खेळाडू असो.

हा नियम लावणाऱ्या पॅट समिट यांचा जन्म 14 जून 1952 चा आणि मृत्यू 28 जून 2016 चा. जून म्हणजे आपल्याकडे महाविद्यालये उघडण्याचा, नवी मुले-मुली पारखण्याचा आणि संघ बांधायला घेण्याचा महिना. आपण शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि प्रशिक्षक याच दिवसांत वर्षभराची शिस्त ठरवतो किंवा ठरवायची राहून जाते. म्हणून या महिन्याचे पान मी समिट यांच्यासाठी ठेवले आहे.

त्यांचे आकडे आधी सांगतो. 1974 ते 2012 अशी 38 वर्षे त्यांनी एकाच विद्यापीठाचा संघ सांभाळला. 1098 सामने जिंकले, 208 गमावले. आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत इतके विजय कोणाच्याच नावावर नव्हते, पुरुष संघांच्या प्रशिक्षकांच्याही नाही. पण मला सर्वांत मोठा वाटणारा आकडा वेगळाच आहे. ज्या मुली त्यांच्याकडे खेळण्याची पूर्ण मुदत राहिल्या, त्या सगळ्याच्या सगळ्या पदवीधर होऊन बाहेर पडल्या. 38 वर्षांत याला अपवाद नाही.

आपल्याकडे खेळाडूवर माया करायची म्हणजे त्याला सवलत द्यायची, अशी रीतच पडली आहे. स्पर्धा आहे, हजेरी लावून टाका. सराव आहे, प्रात्यक्षिक नंतर करील. राज्य पातळीवर खेळली आहे, वर्गात नाही दिसली तरी चालेल. हे सगळे आपण चांगल्या मनाने करतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक भर पडते : मुली आहेत, फार ताणू नका. समिट यांची सगळी कारकीर्द या चांगुलपणाच्या विरोधात उभी आहे. एखाद्याकडून कमी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला कमी लेखणे, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून जाणले होते.

त्या टेनेसीतल्या शेतकऱ्याची मुलगी. माहेरचे आडनाव हेड. तीन थोरले भाऊ, एक धाकटी बहीण. शेतात तंबाखू, गोठ्यात गाई, आणि कामाच्या वाटणीत मुलगा-मुलगी हा भेद नाही. दिवसभराची कामे उरकली की गवताच्या माळ्यावर ठोकलेल्या रिंगवर भावांशी खेळायचे. ज्या भागात हे कुटुंब राहत होते तिथल्या हायस्कूलला मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या काउंटीत हलवले. एका मुलीला बास्केटबॉल खेळता यावे म्हणून 1960 च्या दशकात एका शेतकऱ्याने घर बदलले! पुढे महाविद्यालयात भावांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली होती. बहिणीसाठी तशी शिष्यवृत्तीच अस्तित्वात नव्हती, तिची फी घरच्यांनी भरली.

1974 मध्ये त्या टेनेसी विद्यापीठात आल्या त्या पदव्युत्तर शिक्षण घेत साहाय्यक म्हणून काम करायला. मुख्य प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि 22 व्या वर्षी संघ त्यांच्या गळ्यात पडला. पगार महिना 250 डॉलर. संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. संघाची व्हॅन त्याच चालवत, सामन्यानंतर गणवेशही त्याच धूत. ते गणवेश आधीच्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आले होते. त्याच काळात त्या स्वतः शिकत होत्या, शारीरिक शिक्षणाचे तास घेत होत्या आणि गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून सावरत होत्या. पहिलाच सामना त्या एका गुणाने हरल्या. दोन वर्षांनी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचे बास्केटबॉल प्रथमच आले, तेव्हा रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक त्या होत्या. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याच संघाच्या प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुवर्णपदक आणले. आपल्यापैकी ज्यांनी एकाच वेळी शिकवले आहे, खेळले आहे आणि संघाचे सामान उचलले आहे, त्यांना 1974 ते 1976 या दोन वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको.

काळही मदतीला होता, हे नोंदवलेच पाहिजे. जून 1972 मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला, तिकडे तो टायटल नाइन म्हणून ओळखला जातो. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढेच तो सांगतो. त्यातून मुलींच्या खेळाला हळूहळू पैसा, शिष्यवृत्त्या आणि पूर्णवेळ प्रशिक्षक मिळू लागले. एका व्यक्तीच्या जिद्दीचे गोडवे गाताना आपण त्या जिद्दीखालची जमीन विसरतो. टेनेसीत ही जमीन नांगरली गेली होती आणि समिट यांनी त्यात एक हंगामही वाया घालवला नाही.

त्यांच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगाने मला सर्वाधिक विचार करायला लावला तो एकाही सामन्यातला नाही. टेनेसीच्या हायस्कुलांत तेव्हा मुली सहा-सहा जणींचे बास्केटबॉल खेळत. तिघी फक्त गोल करणार, तिघी फक्त बचाव करणार, आणि मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. या प्रकाराची मुळे 1890 च्या दशकात आहेत. स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींसाठी हा खेळ आणला तेव्हा फार धावपळ, फार अंगझटी नको म्हणून मैदानाचे भाग पाडले होते. तेव्हाची ती सोय पुढच्या पिढ्यांसाठी कुंपण झाली. जी मुलगी चार वर्षे फक्त बचाव करते तिला नेम धरता येत नाही, आणि जी फक्त नेम धरते तिला परत धावायची सवय नसते. अशी अर्धी खेळाडू घेऊन महाविद्यालयाने काय करायचे? समिट यांनी या पद्धतीविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली, आणि राज्यातल्या हायस्कुलांनी ती सोडली नाही तर आपण राज्यातल्या मुली घेणार नाही, असे स्पष्ट बजावले. स्वतःच्याच राज्याला असे सुनावायला छाती लागते. 1979 मध्ये टेनेसीने पाच जणींचा खेळ स्वीकारला. आपल्या क्रीडाप्रकारांत मुलींसाठी कुठे कुठे अशा रेषा आखून ठेवल्या आहेत, हे ज्याने-त्याने आपल्या मैदानावर तपासावे. त्या नियमपुस्तकात असतीलच असे नाही. सरावाची वेळ मुलींसाठी तासाभराने कमी असणे, ही तशीच एक रेषा आहे.

आता थोडे सरावाविषयी. समिट सरावासाठी विद्यापीठातल्या मुलांचा एक गट बोलवत. ही मुले मुलींच्या संघाविरुद्ध रोज खेळत. आपल्यापेक्षा उंच, वेगवान आणि ताकदवान प्रतिस्पर्ध्याची सवय झाली की सामन्यातला प्रतिस्पर्धी आवाक्यातला वाटू लागतो. दुसरी पद्धत बोलण्याची. प्रशिक्षकाने चूक दाखवली की खेळाडूने नुसते 'रिबाउंड' म्हणायचे आणि पुढे खेळायचे. कौतुक केले की 'टू पॉइंट्स' म्हणायचे. बस, इतकेच. स्पष्टीकरण नाही, तोंड पाडणे नाही, लाजणेही नाही. बास्केटबॉलमध्ये रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू पुन्हा ताब्यात घेणे. चूक दाखवल्यावर खेळाडूने नेमके तेच करायचे असते. ऐकणाऱ्याने ऐकले आहे, हे बोलणाऱ्याला त्याच क्षणी कळते. वीस जणींना ओरडून सांगितलेले किती जणींपर्यंत पोचले, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला रोज संध्याकाळी पडतो. त्यावर इतका बिनखर्चाचा उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुठल्याही खेळात आपल्या भाषेतले दोन शब्द ठरवून तो उद्यापासून करता येईल.

मध्यंतरातही त्या लगेच बोलायला जात नसत. आधी मुलींनी आपसांत बोलायचे, काय चुकते आहे ते स्वतः शोधायचे, मग प्रशिक्षक आत येणार. मध्यंतरातला सगळा वेळ एकट्याने बोलून संपवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे करून पाहावे. सुरुवातीला मुली गप्प बसतील. बसू द्यावे.

टमिका कॅचिंग्ज ही खेळाडू समिट यांच्याकडे आली ती 1997 मध्ये. जन्मापासून तिला कमी ऐकू येते. लहानपणी चिडवाचिडवीला कंटाळून तिने श्रवणयंत्रे फेकून दिली होती, आणि ओठ वाचून, सगळ्यांत जास्त मेहनत करून ती इथवर पोचली होती. खेळ तर उत्तमच होता. एखाद्या प्रशिक्षकाने म्हटले असते, चालते आहे ना, मग कशाला दुखरी नस दाबायची? समिट यांनी तिला समोर बसवून पुन्हा श्रवणयंत्र वापरायला आणि वाचा-उपचार घ्यायला राजी केले. लपवण्यासारखे काही नाही, असे पटवले. 1998 मध्ये संघाने 39 पैकी 39 सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले, त्यात ही मुलगी होती. पुढे तिने चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आणि श्रवणदोष असलेल्या मुलांसमोर ती उघडपणे बोलू लागली. जिथे नजर चुकवणे सोपे होते तिथे प्रशिक्षकाने बोट ठेवले, म्हणून हे झाले.

समिट यांचे सगळेच अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. त्यांची रोखून पाहण्याची नजर प्रसिद्ध होती, पण धाक हा एका मर्यादेपलीकडे मुलींना गोठवतो. सुरुवातीच्या काळात रात्री पार्टी करून आलेल्या मुलींना त्यांनी कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवून उलट्या होईपर्यंत पळवले होते. ही कथा प्रशिक्षकांच्या बैठकीत हसत सांगितली जाते. आपल्या उन्हात, आपल्या मुलींच्या रक्तातले हिमोग्लोबिन माहीत नसताना, कोणीही हा प्रयोग करू नये. शिक्षा म्हणून पळवणे हे मार्गदर्शन नव्हे. तसेच 1990 मध्ये दिवस भरलेले असताना त्या एका खेळाडूला संघात घेण्याच्या बोलणीसाठी विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या, तिथेच कळा सुरू झाल्या, आणि बाळाचा जन्म टेनेसीतच व्हावा म्हणून त्या तशाच परतल्या. निष्ठेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तिच्यात निष्ठेइतकाच धोकाही दिसतो, आणि आपल्या तरुण शिक्षिकांपुढे ती आदर्श म्हणून ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले अजिंक्यपद त्यांना 1987 मध्ये मिळाले, म्हणजे तेराव्या हंगामात. तोवर अनेकदा शेवटच्या चार संघांत पोचून त्या रिकाम्या हाताने परतल्या होत्या. विद्यापीठाने त्यांना इतका वेळ दिला. दोन वर्षांत चषक आला नाही की प्रशिक्षक बदलणाऱ्या संस्थाचालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

2011 मध्ये त्यांना अल्झायमरचे निदान झाले. त्यांनी ते दडवले नाही, खेळाडूंना आणि लोकांना सांगितले. आणखी एक हंगाम त्या बाकावर बसल्या, पण डावपेचांचा बराच भार हॉली वॉरलिक यांच्याकडे सोपवला. वॉरलिक या एकेकाळच्या त्यांच्याच खेळाडू, नंतर कित्येक वर्षांच्या सहकारी. एप्रिल 2012 मध्ये समिट यांनी पद सोडले आणि संघ वॉरलिक यांच्याकडे गेला. अशी वेळ आली तरी दुसऱ्या दिवशीचा सराव चुकला नाही, कारण तो घेणारी व्यक्ती त्यांनी तयार करून ठेवली होती. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या कितीतरी मुली आज स्वतः प्रशिक्षक आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, या सत्रात एक गोष्ट करा. आपल्या संघातल्या मुलामुलींची यादी घेऊन दर शनिवारी विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेटा आणि कोण किती तासांना बसले ते स्वतः विचारा. सत्राच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की तास बुडवला तर सामना नाही, आणि संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूवर वेळ येईल तेव्हा तो नियम पाळा. एखादा सामना हातचा जाईल. प्राचार्यांना त्याचे कारण लेखी द्या. दिवाळीपर्यंत जे अनुभव येतील, अडचणींसकट, ते आम्हाला लिहून कळवा. या मासिकाच्या डिसेंबर अंकाची पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.